येलदरीच्या काठचा तंबू

देवगाव फाट्यावर त्या शनिवारी दुपारी फुकटात बघायला मिळेल असा एक खेळ चालू होता. खेळ करणारी होती जवळच्याच गावातल्या शाळेची बाई. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, पाठीवर जुन्या बाजारातून आणलेली मिलिटरीची खाकी पिशवी, आणि पिशवीत गळ्यापर्यंत भरलेली जवारी. एवढं ओझं घेऊन बाई फाट्यावरच्या कडुनिंबाभोवती फेऱ्या मारत होत्या. हॉटेलातली माणसं चहाची बशी तोंडाशी धरून बघत होती. जिंतूरची गाडी आली आणि गेलीसुद्धा, तरी तिच्यात बसायला आलेले दोघं अजून तिथंच उभे होते.

बाईंचं नाव पंचफुला. पूर्णेच्या लोको शेडमधले किशनराव फिटर, त्यांची ही धाकटी लेक. लोक बघतात म्हणून लाजणाऱ्यांतली आपण नाही, असं ती स्वतःला बजावत होती. पण कान लाल व्हायचे ते झालेच होते, आणि खांद्यांचं तर विचारायलाच नको. पिशवीचे पट्टे असे रुतले होते, की उद्या फळ्यावर हात उचलेल की नाही याची तिला शंका होती. तरी थांबायचं नव्हतं. सत्त्याहत्तर सालचा डिसेंबर लागला होता, आणि जानेवारीत तिला हिमालयात बर्फात राहायला जायचं होतं.

"बाई, एक बोलू का?"

आवाज मागून आला. ती थांबली नाही. "बोला की. सगळेच बोलायलेत."

"ओझं खांद्यावर घ्यायलात तुमी. ते कमरेवर पायजे."

"कमरेवर घागर घेतात. ही पिशवी हाय."

तो हसला. तिनं वळून पाहिलं ते रागानं, पण राग फार टिकला नाही. उंच, सावळा, खांद्यावर शबनम पिशवी, गळ्यात तपकिरी मफलर... आणि हसताना आधी डोळे हसत होते, ओठ मागून येत होते. त्यानं गळ्यातला मफलर काढला, तिला "जरा हलू नका" म्हणाला, आणि पिशवीच्या खालच्या कड्यांतून मफलर ओवून दोन्ही टोकं पुढं तिच्या हातात दिली. बोटसुद्धा लागू दिलं नाही. आता हे पोटावर गच्च बांधा, म्हणाला, आणि पट्टे थोडे सैल सोडा.

तिनं बांधलं. आणि काय सांगावं... ओझं खांद्यांवरून उतरून कमरेवर येऊन बसलं. पाठ सरळ झाली. तिनं झाडाला एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या फेरीला तिचं तिलाच हसू फुटलं.

"जवारी कमी झाल्यावानी वाटायलीय," ती म्हणाली.

"जवारी तेवढीच हाय. हाडं बदलली. खांद्याची नाजूक असतात, कमरेची दणकट." मग मान तिरकी करून त्यानं विचारलं, "पर एवढी जवारी घेऊन जायलात कुठं?"

"हिमालयात."

"तिकडं जवारी मिळत न्हाई का?"

"जवारी मिळत असंल. पर इकडं शहाणे लय झालेत, म्हणून जायले."

तो काही बोलणार, तेवढ्यात परभणीची एसटी धुरळा उडवत आली. त्यानं शबनम सावरली आणि दारात उडी घेतली. कंडक्टरनं घंटी मारल्यावर पंचफुलाच्या लक्षात आलं की मफलर अजून तिच्याच पोटावर आहे. ती जवारीसकट गाडीमागं धावली. हॉटेलातल्यांनी चहा खाली ठेवला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "राहू द्या, पुढल्या रविवारी द्या." गाडी गेली. पुढल्या रविवारी आपण कुठं असणार हे या माणसाला काय ठाऊक, याचा विचार करत ती किती तरी वेळ फाट्यावर उभी होती.

रविवारी कोडं सुटलं. परभणीच्या पदयात्री मंडळाची सभा होती. शिक्षकांची एक तुकडी हिमालयात न्यायची, हिवाळी तंबूत राहायला शिकवायचं, असा मंडळाचा बेत. अध्यक्ष आबासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी तुकडीच्या लीडरची ओळख करून दिली. हे सूर्यभान सर, पालमच्या शाळेचे व्यायामशिक्षक, उत्तरेत जाऊन गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन आलेले. आबासाहेबांनी पुढं जोडलं की सर मोठे कडक आहेत, यादीतून नाव काढतील तर काढतील, माझ्याकडं वशिला लावू नये. सर उठून उभे राहिले. पंचफुलानं मांडीवरचा मफलर घाईघाईनं पदराखाली घेतला.

तो बोलायला लागला आणि तिला पहिल्यांदा समजलं, की बर्फात जायचं म्हणजे नुसतं धाडस नव्हे. आपला जिल्हा कापसाचा, तो सांगत होता, पण बर्फात कापूस दगा देतो. घामानं एकदा भिजला की वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत लोकर पाहिजे. चढताना कपडे कमी, थांबल्याबरोबर जास्त. बूट एक नंबर मोठा घ्या, म्हणजे आत दोन मोजे बसतात आणि बोटं मोकळी राहतात. एक कोरडा मोज्यांचा जोड पिशवीच्या तळाशी ठेवा आणि मेलात तरी दिवसा घालू नका, तो झोपताना घालायचा. तहान नसली तरी पाणी प्या. अंथरुणाखाली मेणकापड. एकट्यानं कुठं जायचं नाही, शिट्टी गळ्यात. आणि तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, जाळ करायचा नाही. हा नियम ज्यानं मोडला त्याचं नाव तिथल्या तिथं निघेल.

सगळे माना डोलवत होते. पंचफुलाही डोलवत होती, पण तिचं अर्धं लक्ष सांगण्यात आणि अर्धं सांगणाऱ्यात होतं. शेवटी तिनं हात वर केला.

"आन् सर, भीती वाटली तर?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "तर सांगायचं. न सांगितलेली भीती लय जड असते. जवारीपेक्षा."

सभेत कुणालाच काही कळलं नाही. तिला कळलं. सभा संपल्यावर तिनं मफलर टेबलावर ठेवला, आणि कमरेचा पट्टा शिवून होईपर्यंत असू द्या, असं म्हणत त्यानं तो परत तिच्या पुढ्यात सरकवला.

घरी मात्र एक अडचण होती. किशनरावांचा नकार नव्हता, पण त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याच्या भरवशावर पोरगी एवढ्या लांब पाठवायची, तो माणूस एकदा आपल्या दारात येऊन बसू द्या. मग एका गार संध्याकाळी सूर्यभान पालमहून एसटीनं पूर्णेला आला, रेल्वे क्वार्टरचं दार शोधत. जयभीम झाला, चहा झाला. उघड्या दाराशी शेगडी फुललेली होती. रेल्वेच्या माणसांना राखेतून वेचलेल्या कोळशाचा तोटा नव्हता. पूर्णेत थंडी पडली की क्वार्टराक्वार्टरात शेगड्या पेटत. बाहेर धुरवायच्या, धूर संपला की घरात घ्यायच्या. फटींच्या दारांना आणि कौलांना वारा सदाचाच, त्यामुळं कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

सूर्यभाननं हात शेकले आणि तो खूश झाला. "आमच्या पालमला कापसाच्या पऱ्हाट्या जाळतात. डोळ्यांतून पाणी काढतात, ऊब नावाला. हे लय झकास हाय बघा. धूर न्हाई, जाळ न्हाई." बोलता बोलता त्याची नजर शेगडीवरून पलीकडं गेली, तिथं पंचफुला बसलेली होती. ते वाक्य तिनं जसंच्या तसं मनात ठेवून घेतलं.

मग पंचफुलाच्या आईनं, कुसुमबाईंनी, आतून गोधडी आणली. जुन्या लुगड्यांच्या थरांची, बारीक टाक्यांची, लेकीसाठी महिनाभर बसून शिवलेली. सूर्यभाननं ती हातात घेतली, टाके निरखले, आणि हळूच म्हणाला की ही तिकडं नेता येणार नाही. दवानं भिजली तर ओझं होईल, आणि पांघरणारीला गारठवील. घरात घोंगडी असेल तर ती द्या, लोकरीची. कुसुमबाईंचा चेहरा पडला. याच गोधडीत मी लेकरं वाढवली, त्या म्हणाल्या.

"गोधडीचा कसूर न्हाई मावशी," तो म्हणाला. "तिकडची थंडीच बेइमान हाय."

किशनराव हसले. त्यांचं समाधान झालं होतं. ते म्हणाले, माणूस गोड बोलत नाही, म्हणजे भरवशाचा आहे. कुसुमबाई मात्र गोधडीची घडी घालून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

त्याला स्टँडपर्यंत सोडायला निघालेली पंचफुला वाटेत फणफणत होती. जरा खोटं बोलता आलं नसतं का? 'घेऊन जा' म्हणाला असता, तर गोधडी शेजारणीकडं ठेवून ती गेली असती. मायला वाईट वाटलं नसतं, हिमालयालाही कळलं नसतं.

"आलं असतं," तो म्हणाला. "खोटं बोलायला मला येतं. पर तुमच्याबाबतीत... हल्ली येईना गेलंय."

ती थांबली. तोही थांबला. रस्त्यावर एक सायकलवाला घंटी वाजवत दोघांच्या मधून गेला. "गाडी जाईल तुमची," ती कशीबशी म्हणाली, आणि उलटी फिरून घराकडं जवळजवळ पळत आली. त्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या पोरांनी कितीही गणितं चुकवली तरी बाई रागावल्या नाहीत.

नाताळच्या सुट्टीत सरावासाठी येलदरीला तळ पडला. धरणाच्या काठावर कापडी तंबू उभे राहिले. पाण्यावरून येणारा वारा कानांत शिरत होता, आणि सगळ्यांना कसला तरी चेव चढला होता. इतिहासाचे मास्तर खुंट्या ठोकत होते, गणिताचे मास्तर दोऱ्या ओढत होते, आणि तंबू दोघांच्याही अंगावर पडत होता. सूर्यभान प्रत्येकाची पिशवी उघडून बघत फिरत होता. पंचफुलाच्या तंबूत नागुबाई होत्या, सेलूच्या शाळेच्या, वयानं मोठ्या, अंगानं भारदस्त, सगळ्यांच्या अक्का. अक्कांच्या पिशवीतून लोणच्याची बरणी निघाली, अडकित्ता निघाला, आणि पाटासुद्धा निघाला. सरांनी बरणी काढून घेतली तर अक्का म्हणाल्या, "घ्या की. पर वरती माझी आठवण काढून खावी लागंल."

पंचफुलाची पिशवी त्यानं उघडली, वरचे मोजे पाहिले, घोंगडी पाहिली आणि "शाबास" म्हणून बंद केली. तळाशी छोट्या पोत्यात काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. तिथं पूर्णेचा कोळसा होता. तंबूत स्टोव्ह नको आणि जाळ नको, हे तिला पाठ होतं. पण निखारे म्हणजे कुठं स्टोव्ह, आणि कुठं जाळ? शिवाय सरांनी स्वतः त्यांची तारीफ केली होती. त्यांना चकित करायचं, असं तिच्या मनात होतं, आणि त्या मनाला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवस मावळायला अक्का धरणाच्या पाण्यानं आंघोळ करून आल्या. रोजची लिंगपूजा त्यांनी कधी चुकवली नव्हती, आणि पूजा आंघोळीवाचून होत नव्हती. पूजा उरकून त्या तंबूत आल्या तेव्हा त्यांचे दात वाजत होते. पंचफुलाला राहवलं नाही. तंबूमागं घमेल्यात तिनं कोळसा पेटवला, धूर सरेपर्यंत फुंकला, आणि लालबुंद निखारे आत आणून ठेवले. वारा येऊ नये म्हणून तंबूच्या झडपा खालपासून वरपर्यंत घट्ट बांधल्या. "घ्या अक्का, रेल्वेवाल्यांची ऊब बघा," म्हणाली, आणि भाकरी थापायला चुलीकडं गेली.

चुलीपाशी सूर्यभान जाळ सारत होता. खरं तर जाळ सारायची पाळी गणिताच्या मास्तरांची होती. तिच्या हातातली भाकरी गरगर मोठी होत होती आणि तो भाकरीकडं बघायच्या निमित्तानं हाताकडं बघत होता.

"आज थंडी लय पडंल," तो म्हणाला. "तुमचं कसं व्हायचं?"

"आमचा बंदोबस्त झालाय."

"कसला?"

"सांगनार न्हाई."

"सांगा की."

"तुमाला आवडतो तसला." भाकरी तव्यावर टाकत ती हसली. "धूर न्हाई, जाळ न्हाई. अक्का मस्त शेकायल्यात तंबूत."

त्याच्या हातातलं लाकूड खाली पडलं. तो तंबूकडं पळाला. ती त्याच्यामागं, पिठाच्या हातांनी. तो तंबूपाशी पोचला, अक्का म्हणून हाक मारली, आतून उत्तर नाही. गाठी सोडत बसला नाही, त्यानं झडपच ओढून फाडली. अक्का घमेल्याजवळ कलंडलेल्या होत्या, चेहरा लालसर, मान सैल. दोघांनी ओढून त्यांना उघड्यावर आणलं. पंचफुला त्यांचं डोकं मांडीवर घेऊन अक्का, अक्का म्हणत राहिली. मग अक्कांनी एक मोठा श्वास घेतला... खोकल्या, ओकल्या, आणि बारीक आवाजात विचारलं, "काय झालं गं?"

पंचफुला रडायला लागली ती तेव्हा.

सगळे गोळा झाले होते. सूर्यभान घमेल्यातले निखारे वाळूत उलटे करत होता. धूर दिसतो म्हणून माणूस उठून पळतो, तो सांगत होता, पण बंद जागेत निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं, आणि तो उठत नाही.

मग तो तिच्याकडं वळला. "उद्या पहिल्या गाडीनं घरी जायचं. तुमचं नाव काढलं मी."

तुम्हीच तर तारीफ केली होती, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण मांडीवर अक्कांचं डोकं होतं, आणि त्यापुढं कुठलंही कारण सांगायची तिला लाज वाटली. सकाळी अक्का डोकं धरून का होईना, पूजेला बसलेल्या दिसल्या. तेवढं बघून ती एसटीत चढली. सूर्यभान पाण्याकडं तोंड करून उभा होता.

पूर्णेत परतल्यावर घर तिला खायला उठलं. कुसुमबाई आनंदल्या, कारण लेक बर्फात जाणार नव्हती. मग लेकीचं तोंड बघून त्यांचा आनंद ओसरला. किशनरावांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून शेगडी दाराबाहेर ओसरीत ठेवली. क्वार्टरामागून खांडव्याकडं जाणारी गाडी शिट्टी देत गेली की पंचफुलाचा जीव त्या डब्यांमागं धावायचा. याच गाडीनं तुकडी निघणार होती. बर्फ हुकला याचं दुःख होतंच, पण ते सांगता येण्यासारखं होतं. दुसरं दुःख असं होतं की तो माणूस तिला आवडला होता, फार आवडला होता. नियम न मोडणारा म्हणूनच आवडला होता, आणि तोच नियम तिच्या वाट्याला आला होता. तो बरोबर वागला हे तिला पटत होतं, म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

अशात एक दिवस दारात नागुअक्का उभ्या राहिल्या. आपण ठणठणीत आहोत हे त्यांनी आधी एक अख्खी भाकरी खाऊन दाखवलं, आणि मग मुद्द्यावर आल्या. रविवारी परभणीला शेवटची सभा आहे, तू यायचंस.

"माझं नाव न्हाई अक्का."

"नाव न्हाई, पर तोंड हाय ना? मी मेले असते पोरी. मेले न्हाई ते तू चुलीपाशी बोललीस म्हणून. आता बाकीच्यांना कोण सांगनार, सर का? सरांच्या घरी पऱ्हाट्या जळतात."

ती गेली. मागच्या बाकावर बसली. सूर्यभाननं तिला पाहिलं आणि हातातला खडू त्याच्या बोटांत मोडला. तो फार वाळला होता, असं तिला वाटलं, आणि उगीचच बरं वाटलं.

आबासाहेबांची परवानगी घेऊन ती पुढं गेली. तिनं विचारलं, "थंडीत कुणाकुणाच्या घरात शेगडी असते?" हळूहळू हात वर झाले. आबासाहेबांचाही झाला. "आन् धूर गेल्यावर ती बाधत न्हाई, असं कुणाकुणाला वाटत होतं?" तेच हात वरच राहिले. मग तिनं काय केलं, का केलं, झडपा कशा बांधल्या, अक्कांची मान कशी सैल पडली होती, सगळं सांगितलं. आवाज फुटला तिथं थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा बोलली. "मला परत घ्या म्हणायला आले न्हाई मी. वरती कुणी दमून भागून तंबूत निखारे नेऊ नयेत, एवढ्यासाठी आले."

ती निघाली, तर अक्का उठून वाटेत उभ्या. "आबासाहेब, माझ्या तंबूत मला हीच पायजे. सगळ्यांत निखाऱ्याला भ्यालेली बाई हीच हाय. रोज संध्याकाळी तंबू तपासायचं काम हिला द्या, मी खुशाल झोपंन."

आबासाहेबांनी चष्मा पुसला. लीडर म्हणून सर तुम्हीच काय ते सांगा, म्हणाले.

सूर्यभान उभा राहिला. "या एका नावाबाबत माझं मत धरू नका," तो म्हणाला.

"का बरं?"

"पूर्णेला यांच्या घरी शेगडीवर मी हात शेकले. तोंडभर तारीफ केली. बंद जागी ती काय करती, हे मला ठाऊक होतं. सांगायचं राहून गेलं. चूक निम्मी माझी हाय."

"असं कसं राहून गेलं?"

"लक्ष... शेगडीकडं नव्हतं."

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. सूर्यभानचे कान पेटले होते, पण आता तो थांबणार नव्हता. "येलदरीला आत अक्का होत्या. मी अक्कांसाठीच धावलो. पर धावताना डोळ्यापुढं दुसरंच आलं. रात्री त्या तंबूत या बी झोपनार होत्या... नाव काढलं ते नियमानं काढलं, पर जीव घाबरला होता म्हणून सगळ्यांदेखत काढलं. यांच्याबाबतीत मला सरळ तोलता येत न्हाई. म्हणून माझं मत धरू नका."

"म्हंजे काय सर?" अक्कांनी गालातल्या गालात विचारलं. "नीट सांगा की. मास्तर मंडळी हावोत आमी, पूर्ण वाक्यात उत्तर लागतं."

त्यानं सरळ पंचफुलाकडं पाहिलं. "म्हंजे त्या मला आवडतात."

आबासाहेब खाकरले आणि म्हणाले की हा विषय आजच्या सभेत ठरलेला नव्हता, तरी त्याची नोंद न घेता पुढं जाऊ. पंचफुलाबाईंना तुकडीत घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे हात वर गेले. एकट्या सूर्यभाननं हात पाठीमागं धरून ठेवला होता, आणि तो हसत होता... आधी डोळे, मग ओठ.

पंचफुलाला हात कुठं ठेवावेत कळेना, तोंड कुठं लपवावं कळेना. ती बर्फात जाणार होती, तिचं नाव परत लागलं होतं, आणि तरी त्या घटकेला तिला हिमालय आठवत नव्हता. ती जी उठली ती तडक स्टेशनचा रस्ता धरून चालू लागली. मागून पावलं आली.

"रागावलात?" त्यानं विचारलं.

"नाव काढलंत लोकांत. हे बी बोललात लोकांत. एकट्यात तुमाला काही बोलता येत न्हाई का?"

"एकट्यात... शब्द सापडत न्हाईत."

"मंग मी बोलते." ती थांबली, आणि त्याच्याकडं न बघता, रस्त्याकडंच बघत म्हणाली, "मला बी तुमी आवडता. लय आवडता. पर वरती तुमी लीडर. मी चुकले तर परत नाव काढायचं, गय करायची न्हाई. आन् खाली येईपर्यंत यातलं अक्षर बी बोलायचं न्हाई. कबूल?"

"कबूल." दोघं पुन्हा चालू लागले. "आन् जायच्या आधी बोललं तर चालंल?"

"कुणाशी?"

"किशनरावांशी. आजच. मावशी माझ्यावर रुसल्यात, ते बी उरकून टाकतो."

तिनं चमकून पाहिलं. थट्टा नव्हती. स्टेशनात पूर्णेची गाडी लागलेली दिसत होती, इंजिन वाफ सोडत होतं. दोघं धावत सुटले. फलाटावर आल्यावर तो सरळ डब्याच्या दांडीला हात घालायला गेला, तशी तिनं त्याची बाही धरून मागं ओढलं.

"तिकीट? माझं परतीचं हाय, तुमचं?"

"गाडी सुटंल ना. पुढं बघू."

"काही पुढं बघू न्हाई. रेल्वेवाल्याच्या घरी जावई विनातिकीट आला, तर बाबा तोंडावर न्हाई म्हनतील."

जावई. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला ऐकू आला. तिनं जीभ चावली. तो मात्र तिथंच उभा राहून असा हसायला लागला, की शेजारचा हमाल ओझं ठेवून बघू लागला.

"जा की," ती कुजबुजली. "पळा."

तो तिकिटाच्या खिडकीकडं पळाला. तिकडं गार्डानं हिरवं निशाण काखेतून काढलं. गाडीला जरा उशीर होऊ दे, असं रेल्वेवाल्याच्या लेकीनं आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून मागितलं.